केवळराम लांजेवारांचं संस्थात्मक निधान

साकोलीला हायवेच्या कडेला आमचं कॉलेज आहे. मागच्या इमारतीत जिन्याजवळून आत गेलं की एक लांबट खोली लागते आणि तिच्या दारावर 'ज्ञानस्रोत केंद्र' अशी पितळी पाटी आहे. दर जुलैत नवी पोरं त्या पाटीखाली उभी राहून मला विचारतात, "मॅडम, लायब्ररी कोठी आहे?" मी इतिहास शिकवते, माझा तास शेजारच्याच वर्गात असतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलेलं आहे. मी बोट वर करून पाटी दाखवते. पोरं पाटी वाचतात, माझ्याकडे बघतात, आणि भीतभीत आत जातात.

ही पाटी लावली केवळराम लांजेवारांनी. ते आमचे ग्रंथपाल. मे महिन्यात इथं अंगाची लाही होते, तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. आणि भाषा अशी, की चहाच्या टपरीवरसुद्धा ते "शर्करा किंचित न्यून असावी" असं सांगायचे. टपरीवाला मान डोलवायचा आणि इतकी वर्षं त्यांना सगळ्यांसारखाच गोडमिट्ट चहा देत आला. केवळराम तो मुकाट पिऊन टाकायचे.

त्यांची दुसरी भाषा फक्त फोनवर ऐकू यायची. घरून मंदाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला की ते खिडकीकडे तोंड करायचे, हातानं फोन झाकायचे आणि हळूच म्हणायचे, "हो वो, येऊन राहिलो ना. आणतो ना वांगे." मग वळायचे आणि पुन्हा 'उपरोक्त' नि 'तद्वत' सुरू. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले. मला ती खिडकीकडची भाषाच जास्त आवडायची. एकदा तसं बोलून दाखवलं तर त्यांचा चेहरा असा पडला की मी पुन्हा कधी बोलले नाही.

त्यामागची गोष्ट त्यांनीच मला एकदा सांगितली. त्यांचं गाव साकोलीपासून आत, तलावाकाठी. बाप, आजा, सगळे धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबलेले. घराण्यात नागपूरला शिकायला जाणारे हे पहिलेच. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या मोठ्या लायब्ररीत काउंटरवर जाऊन म्हणाले, "मले ते वर्गीकरणाचं पुस्तक पायजे होतं." काउंटरवरचा माणूस मागं वळून मोठ्यानं ओरडला, "अरे, याले पुस्तक पायजे म्हणते!" आख्खा हॉल हसला. मग त्या माणसानं कुठला तरी जिना, कुठली तरी रांग, कुठला तरी क्रमांक भराभरा सांगितला आणि विचारलं, "समजलं का?"

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मॅडम. मी म्हटलं, हो जी. आणि बाहेर आलो."

पुस्तक न घेताच आले. त्या दिवसापासून त्यांनी भाषेचं व्रतच घेतलं. घरचा माणूस सोडून कुणाशीही 'मले' म्हणायचं नाही.

हे 'हो जी' काय आहे ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडची पोरं शिक्षकाला 'नाही समजलं' असं कधी म्हणत नाहीत. म्हणजे काय, सरांनी एवढं तोंड वाजवून सांगितलं ते वाया गेलं असं सरांच्या तोंडावर सांगायचं? तो उद्धटपणा झाला. म्हणून 'समजलं का' म्हटलं की आख्खा वर्ग एका सुरात 'हो जी' म्हणतो, आणि परीक्षेत पेपर कोरे देतो. मला हे उमगायला नोकरीतली पहिली काही वर्षं गेली. केवळराम तर इथलेच, लहानपणापासून स्वतः हो जी म्हणत आलेले. तरी त्यांना ते दिसलं नाही, कारण एव्हाना ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते.

केवळरामांनी लायब्ररीची वेबसाइट स्वतः बनवली. कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकं, जुने पेपर, प्रश्नपत्रिका, पोरांनी केलेले प्रकल्प, सगळं स्कॅन करून त्यांनी एकेक चढवलं. दुपारी डबा खाताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातानं स्कॅनरचं झाकण, असं मी त्यांना कितीदा पाहिलंय. त्यात सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे बुडित गावांचे फोटो. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढायच्या कितीतरी वर्षं आधी आमच्या कॉलेजच्या पोरांचं शिबिर पवनीकडच्या गावांमध्ये गेलं होतं. पोरं घरोघर फिरली होती. प्रत्येक घरासमोर घरधनी उभा, हातात पाटी, पाटीवर खडूनं घर क्रमांक, आणि मागं घर. अशी गावंच्या गावं. पुढे लायब्ररीचं छत गळलं आणि मूळ अल्बमांचा लगदा झाला. त्याआधी केवळरामांनी सगळं स्कॅन करून ठेवलं होतं म्हणून ते वाचलं. नाहीतर ती गावं दोनदा बुडाली असती.

साइट तयार झाल्यावर त्यांनी मला सर्वांत आधी दाखवली. मी बघितली आणि माझं डोकंच चालेना. पुस्तक शोधायचं असेल तर 'तालिकाशोध'. घरून वाचायचं असेल तर 'दूरस्थ अभिगम'. लायब्रेरियनला काही विचारायचं असेल तर 'संदर्भ पृच्छा'. आणि बुडित गावांचे फोटो होते 'संस्थात्मक निधान' या शब्दाच्या आत, त्याच्याही आत 'अप्रकाशित क्षेत्रीय सामग्री', त्याच्याही आत 'विस्थापनपूर्व छायाचित्रात्मक सर्वेक्षण'.

"सर, 'फोटो' लिहा ना," मी म्हटलं. "'पुस्तक शोधा' लिहा. पोरांना हे झेपायचं नाही."

त्यांनी मनगटाचं बटण चाचपलं. मग शांतपणे म्हणाले, "मॅडम, आपलं बरं आहे. आपण 'मला' म्हणतच जन्माला आलात. आपण साधं लिहिलं तर लोक म्हणतील, किती साधं लिहिलंय. मी साधं लिहिलं तर म्हणतील, झाडीपट्टीतला गावंढळ, ह्याला दुसरं काय येणार?"

ते म्हणत होते ते खरं होतं, आणि तरीही ते चूक करत होते. दोन्ही एकाच वेळी.

आपण अगदीच हेकट नाही हे दाखवायला त्यांनी पोरांचा अभिप्रायही घेतला. एकेकाला संगणकासमोर बसवायचं, साइट उघडून दाखवायची, सगळे शब्द स्वतः वाचून दाखवायचे आणि विचारायचं, "आकलन झालं?" प्रत्येक पोरगं म्हणालं, हो जी सर. एकही नाही म्हणालं नाही. केवळराम खूश होऊन मला सांगायला आले, "पाहिलंत? विद्यार्थ्यांना आपण उगाच कमी लेखतो."

साइट सुरू झाली आणि कुणीही तिकडे फिरकलं नाही.

आधी केवळरामांना वाटलं, पोरांना माहीतच नसेल. त्यांनी गेटवर फलक लावला, 'दूरस्थ अभिगम सुविधेचा लाभ घ्यावा'. पोरांना ती सरकारची कुठली तरी नवी योजना वाटली. दोघीतिघी आधार कार्ड घेऊन ऑफिसात जाऊन आल्या. मग त्यांनी सकाळच्या प्रार्थनेनंतर उभं राहून आवाहन केलं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. पोरं अंगठा दाखवायची आणि पुढे जायची. संध्याकाळी घरी जायच्या आधी ते साइट किती जणांनी उघडली ते बघायचे. जी काही उघडलेली असायची ती बहुतेक त्यांनी स्वतःच उघडलेली असायची. हळूहळू त्यांची तब्येत उतरली. मंदाबाई मला बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, हे जेवतच नाही वो. ताट समोर असते अन् हे मोबाइल पायत बसते."

असं वर्षाहून जास्त गेलं आणि अशात संस्थेचे सचिव बाबुलालजी लायब्ररीत आले. बाबुलालजींची गावात राइस मिल आहे. माणूस रोखठोक, वाईट नाही. संस्थेच्या सगळ्या कॉलेजांना मिळून बाहेरच्या कंपनीची एकच तयार साइट घ्यायचं ठरत होतं. तीत अभ्यासक्रम, निकाल, सूचना एवढंच बसणार होतं. केवळरामांची साइट बंद होणार होती.

"पण साहेब, त्यातली गावं..." केवळराम म्हणाले. "ती अन्यत्र कुठेही उपलब्ध नाहीत."

"कोणी पायते का ते?" बाबुलालजींनी विचारलं.

केवळरामांनी टेबलावरचा माऊस उगाच सरळ करून ठेवला.

"बरं, एक काम करा लांजेवार. पुढच्या मीटिंगमध्ये तुमचे पोट्टे आणा. आमच्यासमोर बसवा. त्यायले शोधाले सांगू. सापडलं तं तुमची साइट राहीन. नाही सापडलं तं बंद. मंजूर?"

केवळरामांनी मान हलवली. फोटो त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये राहणार होतेच. पण साकोलीतल्या एका माणसाच्या खिशात कुठलं गाव आहे, हे धरणाकाठच्या माणसाला कळणार कसं? साइट गेली म्हणजे ती गावं गेलीच, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर होता.

मीटिंगपर्यंत त्यांनी पोरांना नुसतं घोटलं. रोज दुपारी तेच. शब्द वाचून दाखवायचे, आतलं काही न उघडता अर्थही तसल्याच जड भाषेत सांगायचा, आकलन झालं का विचारायचं. हो जी. झालं? हो जी सर. मी एकदा मध्येच म्हटलं, "सर, विचारू नका, नुसतं शोधायला सांगा." ते चिडले. पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "मॅडम, त्यांच्यावर अविश्वास दाखवून मी त्यांचं मनोधैर्य खच्ची करू काय?" मी माझ्या वर्गात निघून गेले.

त्या पोरांमध्ये सर्वांत हुशार गुंजन काटेखाये. बीएच्या शेवटच्या वर्षाला, माझीच विद्यार्थिनी. साकोलीत मामाकडे राहायची, म्हणून केवळराम तिला साकोलीचीच समजायचे. लायब्ररीत कोपऱ्यातला संगणक ठरलेला तिचा. केवळरामांचा तिच्यावर जीव होता, आणि सारी आशाही तिच्यावरच होती.

मीटिंग प्राचार्यांच्या खोलीत झाली. भिंतीवर पडदा, त्यावर साइट उघडलेली. शिक्षकांच्या वतीनं मी होते. केवळराम दाराशी भिंतीला टेकून उभे. बाबुलालजींनी आधीच बजावलं, "लांजेवार, तुम्ही मधात बोलायचं नाही."

गुंजन खुर्चीवर बसली. बाबुलालजींनी तिला विचारलं, "तू कोण्या गावची वो बाई?"

"बेलटोलीची जी. गोसीखुर्दच्या पाण्यात गेली ते. आता पुनर्वसनात रायतो आमी."

"असं का? मंग तेच पाय बरं. तुया जुन्या बेलटोलीचं काही सापडते का याच्यात."

मी केवळरामांकडे बघितलं. त्यांचा चेहरा उजळला होता. जगातल्या सगळ्या प्रश्नांतून बाबुलालजींनी नेमका तो विचारला होता ज्याचं उत्तर त्या साइटवर घर क्रमांकासकट होतं. त्यांनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खूण केली. झालं म्हणून समजा, अशी.

पडद्यावर बाण फिरू लागला. 'तालिकाशोध'वरून पुढे गेला. 'दूरस्थ अभिगम'वर घुटमळला. 'संदर्भ पृच्छा' उघडली, तिथं काहीच कळेना म्हणून ती परत आली. 'संस्थात्मक निधान'वर बाण क्षणभर थांबला. बाण खाली सरकला. मग तिनं वरच्या चौकटीत 'बेलटोली' असं लिहिलं. ती चौकट फक्त पुस्तकांची नावं शोधायची. 'अभिलेख आढळला नाही', पडदा म्हणाला. तिनं 'बेलटोली गाव फोटो' लिहिलं. आढळला नाही. तिच्या मानेवर घाम आला होता. केवळराम भिंतीपासून सुटून पुढे झाले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"नाई आहे जी," गुंजन म्हणाली.

"बराबर पायलं का?"

"हो जी. मागच्या सालीबी पायलं होतं मी. आजोबासाठी. ते मले म्हणत, तुया कालेजात मोठी लायबरी आहे तं आपल्या गावाचा एखादा फोटू पाय ना वो, मले एकडाव पाहाचं आहे. मी लय पायलं. नाई भेटलं. नसनच जी."

मग जे झालं ते त्या खोलीतला कुणी विसरणार नाही. केवळराम धावतच पुढे आले आणि खिडकीकडच्या त्या भाषेत, सगळ्या संस्थेसमोर, ओरडले.

"आहे ना वो पोरी! काहून नाई म्हणतं? आहे ना! तुया घराचा आहे, तुया आज्याचा आहे! मीच चढवला ना! माया हातानं चढवला!"

त्यांनी माऊस हिसकावून घेतला. एक उघडलं, त्याच्या आतलं उघडलं, त्याच्या आतलं उघडलं. पडद्यावर बेलटोली आली. मातीची घरं, कौलं, शेणानं सारवलेली सपरी, म्हणजे पुढची पडवी. एका सपरीसमोर ताठ उभा असलेला तरणा माणूस, हातात पाटी, शेजारी डोईवर पदर घेतलेली बाई आणि तिच्या लुगड्याला धरून एक उघडं पोर. खाली नाव होतं, ईश्वर काटेखाये.

गुंजन उठून पडद्याजवळ गेली. तिची सावली त्या फोटोवर पडली म्हणून ती बाजूला झाली. "आजोबा," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून, आम्हाला कळावं म्हणून, म्हणाली, "पोयाच्या सणाअगोदर गेले ते."

बाबुलालजींनी चष्मा काढून पुसला. मग ते उठून केवळरामांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोटो सोनं आहे लांजेवार. खरंच सांगतो. पन हे पोरीले सापडलं का? तुमाले सापडलं. तुमी काय घरोघरी जाऊन सापडून देनार आहा का?"

महिनाअखेर साइट बंद करायचं ठरलं. मला बाबुलालजींचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त राग याचा आला की त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती.

केवळराम सायकल स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन बसले. मी मागोमाग गेले. ते जमिनीकडे बघत होते.

"ती मागच्या वर्षी आली होती, मॅडम," ते म्हणाले. "मला आठवतं. कोपऱ्यात बसून खूप वेळ काहीतरी बघत होती. मी जवळ गेलो. विचारलं, हवं ते गवसलं का? ती उभी राहिली आणि म्हणाली, हो जी सर." मग त्यांची भाषा पुन्हा सुटली. "अन् मले बरं वाटलं. मले बरं वाटलं वो मॅडम. तिचा आजा तेव्हा जित्ता होता. अन् मी तिले नागपूरच्या त्या माणसासारखा विचारून निघून गेलो. समजलं का? हो जी."

मोठ्या माणसाला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. तोंडातून आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मी काय करणार? पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ते मिलवर गेले, बाबुलालजींच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. शब्द बदलतो म्हणाले, आणखी एक महिना द्या म्हणाले. कंपनीशी बोलणी पक्की झाली होती. बाबुलालजींनी चहा पाजून परत पाठवलं.

तिथून आले ते सरळ संगणकापाशी बसले आणि गुंजनला बोलावलं. या वेळी त्यांनी तिला काहीच समजावलं नाही. एकेक फोटो, एकेक पान उघडायचे आणि विचारायचे, "हे तू घरी कोणत्या नावानं मागशील?" सुरुवातीला ती संकोचली. सरांच्या शब्दाला आपला शब्द कसा द्यायचा? मग हळूहळू सांगू लागली. 'तालिकाशोध' पुसलं, 'पुस्तक शोधा' आलं. 'संदर्भ पृच्छा' पुसलं, 'सापडत नाही? सरांना विचारा' आलं. 'संस्थात्मक निधान'वर केवळरामांचा हात थांबला. मी बघत होते. ते दोन शब्द त्यांनी किती कोश पालथे घालून शोधले होते ते मला ठाऊक होतं.

"याले काय म्हणू वो?" त्यांनी विचारलं.

"बुडालेली गावं," गुंजन म्हणाली. "घरांचे फोटो."

त्यांनी पुसलं आणि लिहिलं. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.

"सर, आता कशाला?" मला राहवलं नाही. "महिनाअखेर बंदच होणार आहे ना?"

"महिनाअखेरपर्यंत तं आहे," ते म्हणाले.

आणि पोरं आली. कुणीही सांगितलं नव्हतं. आधी प्रश्नपत्रिकांसाठी, मग फोटोंसाठी. धरणाकडची जी काही पोरं आमच्याकडे होती ती आपापलं घर शोधू लागली. केवळराम मागं उभे राहायचे आणि प्रत्येकाला म्हणायचे, "हो जी नको म्हणू. काढून दाखव." पोरं काढून दाखवायची. ते मिलवर पुन्हा एकदा गेले, सांगितलं, लोक पाहून राहिले साहेब. बाबुलालजी म्हणाले, "अगोदर काय झोपले होते का?" ते परत आले ते सरळ पोरांच्या मागं जाऊन उभे राहिले. मला वाटतं त्यांना पोरं येत नव्हती तेव्हा एवढा त्रास झाला नसेल. आता रोज कुणीतरी हसतमुखानं यायचं आणि एकेक दिवस संपत जायचा.

शेवटच्या दिवशी दुपारी गुंजनचे वडील कवडू आले, सोबत म्हातारी आई. रुखमिणीआजी. गुंजननं फोनवर सांगितलं होतं, तेव्हापासून म्हातारीनं नेता की नाही म्हणून टुमणं लावलं होतं. दोन बस बदलून आली होती. गुंजननं तिला कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसवलं. केवळराम आणि मी मागं उभे राहिलो.

घर आलं. सपरी आली. पाटी हातात धरून तरणा ईश्वर आला. म्हातारीनं पडद्याच्या इतकं जवळ तोंड नेलं की नाक टेकलं असतं. मग बोट लावून म्हणाली, "हा बुढा." मग पदरवाल्या बाईवर, म्हणजे स्वतःवर, बोट ठेवलं आणि लगेच उचललं. कवडूनं लुगड्याला धरलेलं पोर बघितलं, ते तोच होता, आणि तो तोंड फिरवून खिडकीशी गेला. आजी रडली नाही. बघत राहिली, बघत राहिली. मग तिनं गुंजनला विचारलं, "हे याच्यात कोठी होतं वो?"

"हे पाय ना आजी. इथं वरतेच लिहिलं आहे." गुंजननं बोट दाखवून वाचलं. "बुडालेली गावं, घरांचे फोटो."

म्हातारी अडाणी, पण अक्षरं मोठी आहेत एवढं तिला दिसत होतं. ती नातीकडे वळली आणि एकदम कडाडली.

"एवढ्या मोठ्या अक्षरानं लिहिलं होतं अन् तुले दिसलं नाई? बुढा मरेपर्यंत म्हणत होता, एकडाव गाव दाखव, एकडाव गाव दाखव. अन् तू रोज इथं बसत होती! तुले शिकवलं तं कायले शिकवलं आमी? डोळे फुटले होते का तुये?"

गुंजननं एकदा केवळरामांकडे बघितलं. मग मान खाली घातली.

"हो जी आजी," ती म्हणाली. "माया ध्यानात नाई आलं."

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्या आधी केवळराम पुढे झाले आणि म्हातारीसमोर खाली जमिनीवर बसले, त्या पूर्ण बाह्यांच्या शर्टात.

"तिले नको बोलू आजी," ते म्हणाले. "ते मले वाचवून राहिली. तेव्हा हे नव्हतं लिहिलं. हे आता लिहिलं. तेव्हा मी दुसरं लिहिलं होतं."

म्हातारी त्यांच्याकडे बघू लागली. तिला राग नव्हता आला. तिला नुसतं कळून घ्यायचं होतं.

"का लिहिलं होतं जी?"

इकडे 'का' म्हणजे 'काय'. एवढा साधा प्रश्न. केवळरामांनी तोंड उघडलं. ते दोन शब्द त्यांनी प्राचार्यांसमोर, संस्थेसमोर, सकाळच्या प्रार्थनेत शेकडो पोरांसमोर ताठ मानेनं उच्चारले होते. ते त्या म्हातारीसमोर त्यांच्या तोंडातून निघेनात. ती वाट बघत राहिली, आणि पडद्यावर तिचा नवरा पाटी धरून उभा होता.